क्लेअर्सहोमची शिफारस : एका प्रेअरी गावातून पीआर मिळवताना

कॅनडातील कायमस्वरूपी वास्तव्याच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘पीआर’च्या अर्जाविषयी मला मराठीत जे वाचायला मिळाले ते बहुतेक टोरोंटो किंवा व्हँकुव्हरमध्ये राहणाऱ्यांनी लिहिलेले होते. लहान गावातून हा अर्ज कसा करायचा, तेथे आधी कोणाला भेटायचे आणि वाट पाहण्याचा काळ कसा जातो, हे सांगणारे कोणी भेटले असते तर मला पुष्कळ धीर आला असता. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताच्या दक्षिणेला, प्रेअरीत म्हणजे सपाट गवताळ मैदानांच्या प्रदेशात असलेल्या क्लेअर्सहोम या गावातून मी हा अर्ज केला. २०२३ च्या आरंभी सुरू झालेले हे काम २०२५ च्या फेब्रुवारीत पुरे झाले. ज्या योजनेतून मी अर्ज केला तिच्यात केंद्र सरकारच्या आधी गावाची शिफारस मिळवावी लागत असे, त्यामुळे कागदपत्रांची तयारी आणि गावाची ओळख या दोन गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

मी मूळची सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याची. पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट शिकून काही वर्षे नोकरी केल्यावर २०१९ मध्ये कॅलगरीला दोन वर्षांच्या डिप्लोमासाठी आले. २०२१ मध्ये तो पूर्ण झाला आणि तीन वर्षांचे पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट मिळाले, ज्याची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपणार होती. माझे पतीही ओपन वर्क परमिटवर, म्हणजे कोणत्याही मालकाकडे काम करू देणाऱ्या परवान्यावर आले आणि एका गोदामात काम करू लागले. मी एका रेस्टॉरंटमध्ये कुक होते. एक्स्प्रेस एन्ट्री या पीआरसाठी गुणांच्या क्रमाने उमेदवार निवडणाऱ्या केंद्राच्या पद्धतीत सर्वसाधारण सोडतींचा कट-ऑफ २०२३ च्या पहिल्या महिन्यांत ४८० च्या वर होता आणि माझे गुण त्याच्या बरेच खाली होते. पस्तिशी जवळ आलेली असल्यामुळे वयाचे गुण दर वाढदिवसाला कमी होणार हेही दिसत होते. पुढच्या वर्षी बॅगा भराव्या लागतील ही भीती त्या हिवाळ्यात घरात कायमची वस्तीला आली होती.

तेव्हा एका सहकाऱ्याने ‘रूरल अँड नॉर्दर्न इमिग्रेशन पायलट’ या प्रायोगिक योजनेकडे माझे लक्ष वेधले. केंद्र सरकारने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या या योजनेत देशभरातील अकरा ठिकाणे निवडली होती. त्यात थंडर बे आणि सडबरीसारखी शहरे होती, मॅनिटोबातील ब्रँडन, सस्कॅचवानमधील मूस जॉ होते आणि अल्बर्टातून एकटे क्लेअर्सहोम. योजनेची रचना सोपी होती : त्या गावातील मालकाकडून पूर्ण वेळची, कायमस्वरूपी आणि वर्षभर चालणारी नोकरी मिळवायची; मग गावाकडे शिफारशीसाठी अर्ज करायचा; शिफारस मिळाली की इमिग्रेशन खात्याकडे पीआरचा अर्ज पाठवायचा. त्याखेरीज मागील तीन वर्षांत किमान एक वर्षाचा, म्हणजे १,५६० तासांचा, कामाचा अनुभव आणि कामाच्या दर्जानुसार ठरलेली भाषेची पातळी लागे. कुकच्या कामासाठी ती सीएलबी या कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवर पाचवी पातळी होती. कॅनडातील डिप्लोमा असल्यामुळे मला शिक्षणाचे मूल्यमापन करून घ्यावे लागले नाही आणि कॅनडातच कायदेशीर नोकरी करत असल्यामुळे बँकेतील शिल्लक दाखवण्याची अटही लागू झाली नाही. भारतातून थेट अर्ज करणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी लागत, हे मुद्दाम नोंदवते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही प्रथम गाव पाहायला गेलो. कॅलगरीहून दक्षिणेला महामार्ग क्रमांक २ ने सव्वाशे किलोमीटर गेले की क्लेअर्सहोम येते. तोच महामार्ग गावाच्या मध्यातून पुढे फोर्ट मॅक्लाउडकडे जातो. २०२१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ३,८०४ होती. पूर्वेला नजर पोचेल तिथपर्यंत सपाट शेती, पश्चिमेला पॉर्क्युपाइन हिल्सच्या टेकड्या आणि हवा स्वच्छ असेल तर त्यांच्या मागे रॉकी पर्वताची बर्फाळ रांग दिसते. आम्ही मुद्दाम कामाचा दिवस निवडला होता, कारण सुटीच्या दिवशी कोणतेही गाव फसवे दिसते. रुग्णालय, किराणा दुकान, ग्रंथालय, बर्फावरील खेळांचे सभागृह, पोहण्याचा तलाव, दोन-चार हॉटेले, शेतीच्या यंत्रांची दुकाने आणि पोस्ट एवढे पाहायला दुपार पुरली. मानसिक आरोग्य व व्यसनमुक्तीचे मोठे केंद्रही गावात आहे, त्यामुळे गावाच्या आकाराच्या मानाने आरोग्य क्षेत्रातील नोकऱ्या येथे बऱ्याच आहेत. या योजनेतून येऊ पाहणाऱ्या परिचारिकांनी आणि काळजीवाहकांनी ही बाब लक्षात ठेवावी.

त्या दिवशी चिनूक वाहत होता. रॉकी पर्वत ओलांडून येणारा हा कोरडा, उबदार वारा भर हिवाळ्यात तापमान काही तासांत वीस अंशांनी वर नेऊ शकतो. सकाळी निघताना रस्त्यावर घट्ट बर्फ होता आणि दुपारी छपरांवरून पाण्याची धार लागली होती. पार्किंगमध्ये मी गाडीचे दार उघडले तर वाऱ्याने ते हातातून हिसकावून घेतले. तेव्हापासून आम्ही गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून लावतो आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडतो. या भागात नव्याने येणाऱ्याला मी हेच पहिल्यांदा सांगते, कारण दाराच्या बिजागऱ्या वाकल्या तर दुरुस्तीचा खर्च बराच येतो.

नोकरी शोधायला मी मार्चपासून लागले. ऑनलाइन पाठवलेल्या अर्जांना उत्तरे आली नाहीत. प्रत्यक्ष जाऊन, छापील बायोडेटा हातात देऊन बोलल्यावर मात्र लोकांनी ऐकून घेतले. लहान गावात मालक स्वतःच गल्ल्यावर असतो. दुपारी दोन ते चार ही जेवणाच्या गर्दीनंतरची वेळ त्याच्याशी बोलायला उत्तम. याच सुमारास कॅलगरीतील एका ओळखीच्या माणसाने ‘ऑफर लेटर’ मिळवून देण्यासाठी काही हजार डॉलर मागितले. घाबरलेला माणूस अशा वेळी कर्ज काढून पैसे देतो, आणि मला त्याचा मोह समजतो. परंतु नोकरीसाठी कामगाराकडून पैसे घेणे अल्बर्टात बेकायदेशीर आहे आणि असा कागद पुढे खोटा ठरला तर अर्जदारावर पाच वर्षांची बंदी येऊ शकते. हा रस्ता कोणीही धरू नये, हे मी अगदी कळकळीने लिहीत आहे.

मे महिन्यात एका हॉटेलच्या मालकीणबाईंनी मला स्वयंपाकघरात दोन पाळ्या काम करून दाखवायला सांगितले आणि त्यांचे पैसेही दिले. नंतर त्यांनी एकच प्रश्न विचारला : “पीआर हातात पडल्यावर तुम्ही कॅलगरीला परत जाणार का?” त्यांच्याकडे आधी आलेले दोघे कागद मिळताच निघून गेले होते. मी त्यांना सांगितले की जन्मभराचे वचन मला देता येणार नाही, पण आम्ही दोघेही येथेच राहायला येणार आहोत, पतीही येथेच नोकरी शोधतील आणि गाव सोडायचे ठरले तर त्यांना वेळेत कळवीन. त्यांना हे उत्तर पुरले. पुढे मला समजत गेले की पगार, तास, पदनाम या रकान्यांपलीकडे गाव तुम्हाला हाच एक प्रश्न विचारत असते, आणि त्याचे उत्तर अर्ज भरण्यापूर्वी घरात बसून स्वतःशी ठरवलेले असावे लागते. ऑफर सरकारने ठरवलेल्या नमुन्यात द्यावी लागते. तिच्यातील तासाचा दर त्या भागातील त्या कामाच्या प्रचलित दरांत बसतो की नाही हे सरकारच्या जॉब बँकेवर पाहून घ्यावे. अल्बर्टात किमान वेतन तासाला १५ डॉलर आहे. मला त्याहून काहीसे अधिक मिळाले.

जूनच्या अखेरीस आम्ही सामान हलवले. दोन खोल्यांचे तळघर महिना ११५० डॉलरला मिळाले, कॅलगरीच्या मानाने बरेच स्वस्त. पण भाड्याची घरे येथे मोजकीच असतात आणि पुष्कळदा जाहिरात होण्याआधीच जातात. आमचे घर मालकीणबाईंच्या शब्दाने मिळाले. गाडीशिवाय येथे राहणे शक्य नाही. ग्रेहाउंडने पश्चिम कॅनडातील बससेवा ऑक्टोबर २०१८ अखेर बंद केली, आणि बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणी, भारतीय वाणी-सामान यांपैकी प्रत्येक गोष्टीसाठी कॅलगरीला किंवा नव्वदेक किलोमीटरवरच्या लेथब्रिजला जावे लागते. पतींना गाडी येत होती, मला येत नव्हती. भारतातील परवाना येथे नुसता बदलून मिळत नाही. ज्ञानचाचणी आणि रस्त्यावरील चाचणी दोन्ही द्याव्या लागतात. ज्ञानचाचणीत ३० पैकी २५ प्रश्न बरोबर यावे लागतात. मी ती जुलैत दिली आणि शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने संध्याकाळी गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्यांवर मला गाडी शिकवली. रस्ते सरळ, काटकोनात छेदणारे आणि जवळजवळ रिकामे. शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

माझी पाळी पहाटे पाचला सुरू होत असे. सहा वाजता ग्रिडल तापलेला, बटाट्याचे हॅश ब्राउन अर्धे भाजलेले आणि कॉफीची पहिली दोन भांडी भरलेली लागतात, कारण त्याच वेळी आसपासचे वयस्क शेतकरी येऊन खिडकीजवळच्या लांब टेबलावर बसतात. टोप्या काढून गुडघ्यावर ठेवतात आणि पहिला विषय निघतो तो पावसाचा. आदल्या रात्री कोणाच्या पर्जन्यमापकात किती मिलिमीटर पडले, शेजारच्या शेतात किती, ढग कोणत्या बाजूने सरकला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते ऐकताना मला आमच्या माणमधील दहिवडीच्या बाजारातील चहाची टपरी आठवे. पर्वतांच्या आड असलेल्या कोरड्या मुलखातील माणसे आभाळाविषयी सारख्याच काळजीने बोलतात. या प्रदेशाचे कोरडेपण जॉन पॅलिसरच्या ब्रिटिश शोधमोहिमेने १८५७ ते १८६० या काळातच नोंदवले होते, तरीही रेल्वे आल्यावर गव्हासाठी तो नांगरला गेला आणि १९३० च्या दशकात वरची माती वाऱ्यावर उडाली. आज पिकाचे धसकट रानात तसेच ठेवून पेरणी केली जाते, त्यामागे त्या काळाची आठवण आहे. मी माणची आहे हे कळल्यावर त्यांतील एकाने आमच्याकडे पाऊस किती पडतो, ज्वारीला किती पाणी लागते, तलाव कसे भरतात असे बारीकसारीक प्रश्न विचारले. तो आठवडाभर रोज नवा प्रश्न घेऊन येत होता. परक्या देशात मला कोणी इतक्या आस्थेने माझ्या गावाविषयी विचारले ते तेव्हा प्रथमच.

जुलैत कॅनोला हे तेलबियांचे पीक फुलले आणि गावाच्या चारही बाजूंना पिवळा रंग पसरला. त्याच महिन्यात मी शिफारशीच्या अर्जाची तयारी केली. मागितलेल्या कागदांसोबत मी एक पत्र जोडले : आम्ही कोठे राहतो, भाडेकरार किती मुदतीचा आहे, पतींना बियाणे-खतांच्या गोदामात नोकरी लागली आहे, हिवाळ्यात काय करणार आहोत. पत्र लिहिण्याआधी गावाची नीट माहिती असावी म्हणून मी जुन्या रेल्वे स्थानकाच्या दगडी इमारतीतील संग्रहालयात गेले. तेथील आजींनी मला लुईझ मॅककिनी यांच्याविषयी सांगितले. १९१७ मध्ये क्लेअर्सहोम मतदारसंघातून त्या अल्बर्टाच्या विधिमंडळावर निवडून आल्या. त्या आणि त्याच वर्षी निवडून आलेल्या रॉबर्टा मॅकअॅडम्स या संपूर्ण ब्रिटिश साम्राज्यातील पहिल्या महिला आमदार. पुढे कॅनडाच्या सिनेटवर नेमणूक होण्यास स्त्रिया ‘व्यक्ती’ म्हणून पात्र आहेत, हे १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाकडून मान्य करून घेणाऱ्या पाच जणींपैकी मॅककिनी एक होत्या. नकाशावर ठिपक्याएवढे दिसणारे गाव आणि त्याच्या मतदारांनी शंभर वर्षांपूर्वी घेतलेला हा निर्णय यांचा मला फार अभिमान वाटला, आणि तो मी पत्रात लिहिला.

त्याच इमारतीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळाची माहिती मिळाली. १९४१ ते १९४५ या वर्षांत गावाजवळ राष्ट्रकुलातील वैमानिकांचे प्रशिक्षण केंद्र होते आणि १९५० च्या दशकात नाटो देशांचे वैमानिक तेथे शिकले. मात्र या भूमीची कथा रेल्वेपासून सुरू होत नाही, हेही नव्याने येणाऱ्याने समजून घ्यावे असे मला वाटते. हा ब्लॅकफूट या मूळनिवासी लोकांचा प्रदेश आहे. १८७७ मध्ये ब्लॅकफूट क्रॉसिंग येथे सरकारशी ‘सातवा करार’ झाला आणि त्यानंतर काही वर्षांत वसाहतींसाठी जमीन मोकळी केली गेली. फोर्ट मॅक्लाउडजवळ ज्या कड्यावरून हे लोक हजारो वर्षे रानगव्यांची शिकार करत तो युनेस्कोने १९८१ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवला आहे. ब्लॅकफूटांपैकी पिकानी आणि काइनाई समाजांच्या राखीव भूमी येथून दूर नाहीत. आम्ही ज्या मातीवर घर मागत होतो ती कोणाची होती हे न जाणता अर्जावर सही करणे मला बरे वाटले नसते.

गावाची शिफारस सप्टेंबर २०२३ मध्ये ईमेलने आली. मी तेव्हा कांदे चिरत होते आणि मालकीणबाईंनीच ती मोठ्याने वाचून दाखवली.

केंद्राचा अर्ज ऑक्टोबरमध्ये भरला. तेव्हाच्या दराने प्रौढाचे शुल्क १,३६५ डॉलर होते, म्हणजे आम्हा दोघांचे २,७३०. बोटांच्या ठशांचे कुटुंबासाठी १७० डॉलर वेगळे. सेल्पिप ही भाषेची परीक्षा मी एप्रिलमध्येच दिली होती, तिला सुमारे ३०० डॉलर लागले. पुढील वैद्यकीय तपासण्या, पोलीस प्रमाणपत्रे, अनुवाद आणि वर्क परमिटची शुल्के धरून एकूण खर्च साडेचार हजार डॉलरच्या घरात गेला. एप्रिल २०२४ नंतर शुल्क वाढले आहे, त्यामुळे भरण्याच्या दिवशीचा दर पाहावा.

अर्जाचा सर्वांत कष्टाचा भाग म्हणजे मागील दहा वर्षांचा वैयक्तिक इतिहास. त्यात एका महिन्याचीही फट चालत नाही. नोकरी नसलेला काळ, सासरी राहिलेला काळ, परीक्षेची वाट पाहिलेला काळ, सर्व तारखांसह लिहावा लागतो, आणि पूर्वीच्या व्हिसा अर्जांत लिहिलेल्या तारखांशी तो जुळावा लागतो. मी विद्यार्थी व्हिसाचा जुना अर्ज समोर ठेवून प्रत्येक ओळ ताडून पाहिली. महाराष्ट्रातून आलेल्यांसाठी दुसरी अडचण नावाची असते. माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव आधी, मग माझे आणि वडिलांचे नाव. पासपोर्टवर सासरचे आडनाव. बँकेच्या कागदांवर वडिलांचे नाव गाळलेले. ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत असे सांगणारे स्पष्टीकरणपत्र आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र मी सोबत जोडले. जन्मदाखला केवळ मराठीत होता, त्याचा प्रमाणित अनुवादकाकडून अनुवाद करून मूळ प्रतीसह दिला. भारतात येणेजाणे होणार असेल तेव्हा जन्म आणि विवाहाच्या दाखल्यांच्या इंग्रजी मजकूर असलेल्या प्रती नगरपंचायतीतून आधीच काढून ठेवाव्यात; भावाला त्यासाठी रजा काढावी लागली नसती.

जुन्या मालकाकडून अनुभवाचे पत्र घेताना त्यावर पदनाम, तास, वेतन, कालावधी आणि प्रत्यक्ष कामांचे वर्णन असावे. सरकारी व्यवसायसूचीतील वाक्ये जशीच्या तशी उतरवलेले पत्र संशय निर्माण करते. ‘सकाळचा नाश्ता, रोज सुमारे ऐंशी थाळ्या, आठवड्याची मालाची मागणी नोंदवणे’ अशा शब्दांत लिहिलेले पत्र खरे वाटते, कारण ते खरे असते. पगाराच्या सर्व पावत्या आणि टी४, म्हणजे वर्षाच्या पगाराचे व करकपातीचे कागद, सांभाळून ठेवलेले असल्यामुळे १,५६० तासांचा हिशेब एका तक्त्यात मांडता आला.

अर्जाची पोचपावती जानेवारी २०२४ मध्ये आली आणि त्याच महिन्यात प्रेअरीच्या थंडीची खरी ओळख झाली. तापमान उणे पस्तिसाच्या खाली गेले होते. गाडीच्या इंजिनाला गरम ठेवणारा ब्लॉक हीटर रात्रभर विजेला जोडून ठेवावा लागे, आणि पापण्यांवर श्वासाचा दव गोठून बसे. शनिवारी, १३ जानेवारीला संध्याकाळी, सर्वांचे फोन एकाच वेळी कर्कश वाजले : वीजपुरवठ्यावर कमालीचा ताण आहे, अनावश्यक दिवे आणि उपकरणे ताबडतोब बंद करा, असा प्रांताचा आणीबाणीचा संदेश होता. मी खिडकीतून पाहत असताना आमच्या रस्त्यावरील घरांचे दिवे एकामागून एक मालवले गेले. मागणी काही मिनिटांत खाली आली आणि वीज तोडण्याची वेळ टळली. शेजारच्या शिक्षिकाबाई बॅटरी घेऊन आमच्याकडे हीटर नीट चालतो आहे ना हे पाहायला आल्या. डिसेंबरअखेर आणि जानेवारीच्या आरंभी सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. त्या अंधाराने मला अनेकदा रडू आले आहे. ग्रंथालयात गुरुवारी विणकामाला जमणाऱ्या बायकांत जाऊन बसू लागले तेव्हा मला बरे वाटू लागले. पहिल्या हिवाळ्यात प्रत्येक आठवड्याला घराबाहेरचे एक ठिकाण ठरवून घ्यावे आणि हवा कशीही असली तरी तेथे जावे.

पोचपावती मिळाल्यावर या योजनेखाली त्या मालकापुरते वर्क परमिट मागता येई. माझे जुने परमिट सप्टेंबरपर्यंत चालणार असले तरी मी मार्चमध्येच नवा अर्ज केला. शुल्क १५५ डॉलर. मुदत संपण्यापूर्वी अर्ज पोचलेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुन्या अटींवर काम चालू ठेवता येते, पण तो एक दिवसही उशिरा जाता कामा नये. पतींसाठी ओपन परमिटचा अर्ज त्याच दिवशी केला. एप्रिलमध्ये बोटांचे ठसे दिले, विद्यार्थी व्हिसासाठी पूर्वी दिलेले असूनही ते पुन्हा द्यावे लागले. वैद्यकीय तपासणी मे महिन्यात सरकारमान्य डॉक्टरांकडे कॅलगरीत झाली. दोन्ही भेटी एकाच दिवशी जुळवता आल्या तर पगाराचा एक दिवस वाचतो.

त्यानंतर उन्हाळाभर काहीच हालचाल नव्हती. योजना ऑगस्ट २०२४ अखेर नव्या अर्जांसाठी बंद झाली, तेव्हा आपला अर्ज आत गेलेला आहे एवढेच समाधान होते. माझ्यानंतर महिन्याभराने अर्ज केलेल्या दुसऱ्या प्रांतातील एका मुलीला आधी पीआर मिळाली, आणि मी रोज खात्याची साइट उघडून तारखा ताडू लागले. अखेर पतींनी सांगितले की हे पाहणे आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी करायचे. घरातील शांतता त्या नियमाने परत आली. ऑगस्टमध्ये कापणी सुरू झाली, हॉटेलातून शेतावर डबे जाऊ लागले, आणि रात्री अकरापर्यंत कंबाइन या कापणीयंत्रांचे दिवे शेतांत फिरताना दिसत.

नोव्हेंबरच्या अखेरीस पोर्टलवर खाते उघडण्याचा ईमेल आला. त्यात आपण कॅनडातच आहोत हे सांगून फोटो आणि पत्ता द्यावा लागतो. येथे लहान गावांतील लोकांनी विशेष लक्ष द्यावे. आमच्याकडे टपाल दारात येत नाही. पोस्टात पेटी घ्यावी लागते आणि तिचा क्रमांक हाच टपालाचा पत्ता असतो. घराचा पत्ता लिहिला तर कार्ड परत जाऊ शकते. त्या वेळी कॅनडा पोस्टचा संपही चालू होता, जो १५ नोव्हेंबरपासून १७ डिसेंबरपर्यंत चालला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वास्तव्याच्या पुष्टीचा इलेक्ट्रॉनिक कागद मिळाला आणि त्या क्षणापासून आम्ही कायमचे रहिवासी झालो. प्लास्टिकचे कार्ड मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये हाती आले. तोवर परदेश प्रवास न केलेला बरा, कारण परतीच्या विमानात बसताना कार्ड मागतात. आईची आजारपणे चालू असल्यामुळे ते दोन महिने मला जड गेले.

३० जानेवारी २०२५ रोजी सरकारने ‘रूरल कम्युनिटी इमिग्रेशन पायलट’ ही नवी योजना जाहीर केली. तिच्या चौदा ठिकाणांत क्लेअर्सहोम आहे. आता गावाने आधी मान्यता दिलेल्या मालकांकडूनच नोकरी घ्यावी लागते आणि प्रत्येक ठिकाणाने आपली प्राधान्याची क्षेत्रे ठरवलेली आहेत. म्हणून बायोडेटा पाठवण्याआधी त्या गावाच्या याद्या पाहाव्यात. कोणतेही गाव निवडले तरी ते जुलैत पाहून ठरवू नये, जानेवारीत एकदा जाऊन यावे, शक्य तर रात्री मुक्काम करावा आणि सकाळी सहाला जेथे लोक कॉफी प्यायला जमतात तेथे बसावे. जोडीदारालाही सोबत न्यावे, कारण नोकरी एकाची असली तरी हिवाळा दोघांचा असतो.

मी अजून त्याच स्वयंपाकघरात आहे. भाडेकरार आम्ही यंदा दोन वर्षांसाठी वाढवला, पतींनी धान्य वाहतुकीच्या ट्रकचा परवाना काढायला घेतला आहे, आणि मालकीणबाईंनी आठवड्यातून एकदा नाश्त्याला पोहे ठेवायला सुरुवात केली आहे. लांब टेबलावरच्या मंडळींना ते लिंबू जास्त पिळून आवडतात.